स्वस्त भाड्याची किंमत
जमशेटजी टाटा यांच्या चरित्रांतील एक विसरलेलें प्रकरण

मुंबईहून गोव्याकडे जाणाऱ्या हमरस्त्यानें खेड मागें टाकून चिपळुणाकडे निघालें म्हणजे परशुरामाचा घाट लागण्यापूर्वीं लोटे येथील औद्योगिक वसाहत दृष्टीस पडते. ह्या वसाहतींतील बहुतेक कारखाने रासायनिक आहेत. येथील माल देशोदेशीं जातो आणि देशोदेशींचीं यंत्रें व भांडवल येथें येतें. एका प्रसिद्ध अमेरिकन पेयाच्या कारखान्याची पायाभरणी येथें २०२३ सालीं झाली. परंतु सांप्रत खेड-चिपळुणाच्या बाजारपेठांतून अधिक चर्चा चालली आहे ती इटलीहून आलेल्या यंत्रांची. इटलीच्या उत्तर भागांत व्हिचेन्झा प्रांतांत त्रिस्सिनो नांवाचें गांव आहे. तेथील मितेनी नामक कारखान्यांत फ्लोरिनयुक्त रसायनें तयार होत असत, व त्यांतील कांहीं निसर्गांत जवळ जवळ विघटनच पावत नाहींत. तीं जमिनींत मुरलीं आणि सुमारें साडेतीन लक्ष लोकवस्तीच्या टापूंतील पाणी दूषित झालें. कारखान्याचें २०१८ सालीं दिवाळें निघालें, आणि जून २०२५ मध्यें तेथील न्यायालयानें अकरा अधिकाऱ्यांस दोषी ठरविलें. ह्याच कारखान्याचीं यंत्रें २०१९ सालीं लिलांवांत एका भारतीय कंपनीनें विकत घेतलीं व तीं लोटे येथें आणून उभीं केलीं.

ह्यावर कोणी म्हणतात, पोरांस काम मिळेल. कोणी म्हणतात, परक्याची घाण आमच्या दारांत आली. आम्ही न्यायासनावर बसलेलों नाहीं. आपण सर्व नियम पाळतों असें खरेदी करणाऱ्या कंपनीचें म्हणणें आहे, आणि तें खोटें ठरविण्यास आमच्यापाशीं कांहींहि पुरावा नाहीं. शिवाय दूरदेशाशीं व्यापारच नको, असें म्हणणाऱ्यांपैकीं आम्ही नव्हे. ज्या किनाऱ्यावरच्या दाभोळ बंदरांतून एके काळीं अरबस्तान व इराणकडे गलबतें जात, त्या किनाऱ्यावरील लोकांनीं परदेशाच्या नांवानें घाबरून जावें हें शोभणारेंहि नाहीं. प्रश्न निराळा आहे. दूरदेशाशीं व्यवहार करतांना समोर येणारी स्वस्त वस्तु खरोखर किती किंमतीची आहे, हें आपण तपासतों काय? ह्या प्रश्नाचें उत्तर शोधतांना आम्हांस एका थोर पुरुषाच्या चरित्राची आठवण झाली, आणि तेंच आज वाचकांपुढें ठेवण्याचें आम्हीं योजिलें आहे.

जमशेटजी नसरवानजी टाटा हें नांव ठाऊक नाहीं असा व्यापारी विरळा. पोलादाचा कारखाना, बंगळूरची विज्ञानसंस्था, मुंबईचें ताजमहाल हॉटेल हीं त्यांचीं स्मारकें सर्वांस विदित आहेत. परंतु त्यांच्या आयुष्यांत एक उद्योग असाहि होऊन गेला कीं ज्यांत ते पूर्णपणें हरले. यशाच्या शंभर कथांपेक्षां त्या एका पराभवांत व्यापाऱ्यानें शिकण्यासारखें अधिक आहे असें आमचें मत आहे.

जमशेटजींचा जन्म ३ मार्च १८३९ रोजीं नवसारी येथें पारशी धर्मोपदेशकांच्या घराण्यांत झाला. वडील नसरवानजी ह्यांनीं कुळाचा पौरोहित्याचा धंदा सोडून मुंबईस पेढी घातली. मुलगा एल्फिन्स्टन कॉलेजांत शिकून १८५८ सालीं बाहेर पडला आणि पुढच्याच वर्षीं पेढीच्या कामासाठीं हाँगकाँगास गेला. ह्या देशांतून कापूस व अफू चीनकडे जात, आणि तिकडून चहा, रेशीम, कापूर, तांबें असा माल येई. अफूचें नांव आम्ही मुद्दाम घेत आहों. त्या काळीं मुंबईच्या कित्येक मोठ्या घराण्यांची संपत्ति ह्या व्यापारावर उभी राहिली, आणि मुंबईस स्वस्तांत मिळालेल्या त्या नफ्याची किंमत चिनी लोकांनीं आपल्या देहांनीं भरली. चरित्र लिहावयाचें म्हणजे नायकाच्या हिशेबाचीं सर्व पानें उघडावयाचीं. गैरसोयीचीं पानें चिकटवून टाकावयाचीं नव्हेत.

१८६१ ते १८६५ पर्यंत अमेरिकेंत यादवी युद्ध चाललें होतें. तिकडचा कापूस लँकेशायरला मिळेना, तेव्हां मुंबईच्या कापसास सोन्याचा भाव आला. शहरांत रोज नवी कंपनी निघे आणि तिच्या भागांवर लोकांच्या उड्या पडत. ह्या भरतीच्या वेळीं, १८६४ सालच्या अखेरीस, जमशेटजी लंडनास एक हिंदी बँक स्थापण्याच्या उद्देशानें गेले. इतक्यांत युद्ध संपलें आणि कापसाचा भाव कोसळला. मुंबईच्या पेढ्या एकामागून एक बुडाल्या, आणि जमशेटजींच्या हातांतील हुंड्या रद्दी झाल्या. पंचविशीच्या ह्या तरुणापुढें परक्या शहरांत दोन मार्ग होते: तोंड लपवून परत येणें किंवा धनकोंपुढें उभें राहणें. त्यांनीं दुसरा पत्करला. सर्व हिशेब त्यांनीं धनकोंपुढें उघडा केला, आणि त्या सचोटीचा परिणाम असा झाला कीं आपल्याच पेढीची आवराआवर करण्याचें काम धनकोंनीं दरमहा वीस पौंड वेतनावर त्यांच्याकडेच सोंपविलें. हिशेब उघडा ठेवणाऱ्याची पत बुडत्या काळांतहि टिकते, हें ते लंडनास शिकले.

पुढें १८६८ च्या हबसाणच्या स्वारींत सैन्यास सामग्री पुरविण्याच्या मक्त्यांत वडिलांचा भाग होता. त्यांतून घराण्याची घडी पुन्हां बसली. त्याच वर्षीं जमशेटजींनीं एकवीस हजार रुपयांवर आपली स्वतंत्र पेढी काढली. नंतर चिंचपोकळीस बुडालेला एक तेलाचा कारखाना त्यांनीं भागीदारांसह घेतला, त्याची कापसाची गिरणी केली, आणि सुमारें दोन वर्षांनीं ती नफ्यानें विकली. वाचकांनीं येथें लक्षांत घ्यावें कीं बुडालेला कारखाना विकत घेणें ह्यांत स्वतःसिद्ध असा कांहींच दोष नाहीं. तो कां बुडाला हें घेणाऱ्यानें जाणलें पाहिजे, इतकेंच.

गिरणी विकून आलेल्या पैशावर स्वस्थ न बसतां जमशेटजी पुन्हां विलायतेस गेले आणि लँकेशायरच्या गिरण्या त्यांनीं स्वतः पाहिल्या. परत आल्यावर मुंबईचा मोह सोडून त्यांनीं नागपूर निवडलें, कारण कापूस तेथेंच पिकत होता, कोळसा जवळ होता व आगगाडी झाली होती. १ जानेवारी १८७७ रोजीं तेथील एम्प्रेस मिल सुरू झाली. सूत काढण्याची रिंग पद्धतीची नवी यंत्रें विलायतेच्या गिरणीवाल्यांस अद्याप पसंत पडलीं नव्हतीं, तोंच जमशेटजींनीं तीं नागपुरास आणून चालवून पाहिलीं, आणि पारखून घेतल्यावरच त्यांचा विस्तार केला. यंत्र विकणारा काय म्हणतो ह्यापेक्षां यंत्र स्वतः काय करतें ह्यावर त्यांचा भरंवसा असे. कामगारांसाठीं अपघाताची भरपाई व निर्वाहनिधि ह्यांचीहि सोय त्या गिरणींत कायद्याची सक्ति होण्याच्या पुष्कळ आधीं झाली.

असा सावध पुरुषहि एकदां स्वस्ताईस भुलला. १८८६ सालीं कुर्ल्याची धरमसी मिल साडेबारा लाखांस विक्रीस निघाली. उभारणीच्या खर्चाच्या मानानें ही किंमत अत्यल्प होती. जमशेटजींनीं ती घेतली व तिचें नांव स्वदेशी मिल असें ठेविलें. परंतु यंत्रें जीर्ण निघालीं, सूत हलकें निघालें, आणि चीनच्या बाजारांत ह्या नव्या नांवाची अपकीर्ति होऊं लागली. गिरणी वांचविण्यासाठीं त्यांस एम्प्रेस मिलचे आपले भाग विकावे लागले. जुनीं यंत्रें मोडीत काढून व नागपूरचीं अनुभवी माणसें आणून कित्येक वर्षांच्या श्रमानें त्यांनीं ती गिरणी उभी केली. स्वस्तांत घेतलेल्या वस्तूची उरलेली किंमत मागाहून भरावीच लागते, हा पाठ त्यांस कुर्ल्यास मिळाला. दुसरा पाठ समुद्रावर मिळावयाचा होता.

त्या काळीं मुंबईच्या सुताचें मोठें गिऱ्हाईक चीन होतें, आणि जपानांत नव्यानें उभ्या राहिलेल्या गिरण्यांस हिंदी कापूस हवा होता. माल आमचा, गिऱ्हाईक आशियांतलें; परंतु मध्यें समुद्र होता आणि समुद्रावरची वाहतूक परक्यांच्या हातीं होती. पेनिन्सुलर अँड ओरिएंटल ही बलाढ्य इंग्लिश आगबोट कंपनी ऑस्ट्रियाच्या व इटलीच्या कंपन्यांशीं संगनमत करून भाडें ठरवीत असे. पूर्वेकडे जाणाऱ्या मालास दर टनास १९ रुपये पडत. टपाल नेण्याबद्दल ह्याच इंग्लिश कंपनीस सरकारी द्रव्यसाहाय्यहि मिळे. म्हणजे हिंदी रयतेच्या पैशावर पोसलेली कंपनी हिंदी व्यापाऱ्यासच पिळीत होती. टाटांच्या पेढ्या चीन-जपानांत होत्या, त्यामुळें हा जाच त्यांस हिशेबाच्या वहींत रोज दिसे.

१८९३ सालीं जमशेटजी स्वतः जपानास गेले. शिबुसावा एईची हे तेव्हां जपानच्या उद्योगांचे अग्रणी होते, आणि निप्पॉन युसेन कैशा ही त्या देशाची मोठी आगबोट कंपनी होती. जमशेटजींनीं सुचविलें कीं मुंबई व कोबे ह्यांच्यामध्यें आपण आपल्या बोटी चालवूं. जपानी कंपनीनें हें मान्य केलें, परंतु एका अटीवर. ती अट अशी कीं जमशेटजींनीं केवळ माल देण्याचें वचन न देतां स्वतःहि तितक्याच बोटी चालवाव्या आणि जोखमींत सारखे भागीदार व्हावें. अट न्याय्य होती व ती त्यांनीं मान्य केली. ह्याच प्रवासांत योकोहामाहून कॅनडाकडे जातांना एकाच बोटीवर त्यांची स्वामी विवेकानंदांशीं गांठ पडली, ही गोष्ट पुष्कळांस ठाऊक आहे. ते जपानास कोणत्या कामासाठीं गेले होते, हें मात्र फार थोड्यांस ठाऊक असतें.

७ नोव्हेंबर १८९३ रोजीं हिरोशिमा मारू ही बोट कोबेहून मुंबईस निघाली. जमशेटजींनीं ॲनी बॅरो व लिंडिसफार्न ह्या दोन इंग्लिश बोटी भाड्यानें घेऊन टाटा लाइन सुरू केली. भाडें १२ रुपये ठेविलें. १९ चे १२ होतांच मुंबईच्या व्यापाऱ्यांस हर्ष झाला. एका पिढीच्या गाऱ्हाण्यास तोंड फुटलें आणि उपायहि सांपडला असें सर्वांस वाटलें.

आतां इंग्लिश कंपनीनें काय केलें तें पाहण्यासारखें आहे. तिनें आपलें भाडें एकदम दीड रुपयावर आणलें. ही सवलत अर्थातच टाटांच्या किंवा जपानी बोटींकडे न फिरकणाऱ्यांसाठीं होती. कांहीं वेळां तर जपानला जाणारा कापूस फुकट नेण्याचीहि तयारी तिनें दाखविली. शिवाय लिंडिसफार्न ही बोट कापूस नेण्यास योग्य नाहीं अशी कंडी पिकली. जमशेटजींनीं भारतमंत्र्यांकडे तक्रार केली कीं सरकारी साहाय्य घेणाऱ्या कंपनीनें त्याच बळावर हिंदी उद्योगाचा गळा दाबावा हा न्याय नव्हे. तिचा कांहीं उपयोग झाला नाहीं. परंतु आमच्या मतें ह्या प्रकरणांतील खरें दुःख तें नव्हे. परका प्रतिस्पर्धी लढणारच, त्यांत आश्चर्य तें काय! दुःख हें कीं ज्या व्यापाऱ्यांसाठीं ही बोट निघाली होती, तेच दीड रुपयाच्या भाड्याकडे धांवले. प्रत्येकानें आपल्यापुरता हिशेब केला. दहा रुपये वांचतात तर कां सोडा, असें प्रत्येकाचें मन म्हणालें, आणि सर्वांचें मिळून काय होणार हें कोणीच पाहिलें नाहीं.

जमशेटजी एकटे पडले. लाखाच्या वर रुपये गमावल्यावर त्यांस त्या दोन्ही बोटी परत कराव्या लागल्या. टाटा लाइन बंद झाली, आणि मग जें व्हावयाचें तेंच झालें. भाडें पुन्हां वर चढलें. दीड रुपयाच्या स्वस्ताईंत मुंबईकरांनीं जें वांचविलें, तें पुढच्या वर्षांत त्यांस व्याजासह परत करावें लागलें.

ह्याच वेळीं समुद्राच्या दुसऱ्या तीरावर काय घडलें? जपानच्या गिरणीवाल्यांचा एक संघ होता. हिंदुस्थानांतून येणारा आपला कापूस आपल्याच देशाच्या बोटींतून आणावयाचा, असा करार त्यानें निप्पॉन युसेन कैशाशीं केला होता. इंग्लिश कंपनी जवळ जवळ फुकट माल आणण्यास तयार असतांहि ह्या लोकांनीं आपल्या कंपनीस अधिक भाडें दिलें आणि वचन मोडलें नाहीं. जपानी सरकारनेंहि कच्च्या कापसावरील आयात जकात व सुतावरील निर्गत जकात काढून टाकून आपल्या गिरण्यांस हात दिला. अखेरीस १८९६ सालीं त्या बलाढ्य इंग्लिश कंपनीस जपानी कंपनीशीं तह करावा लागला. शत्रु एकच होता, समुद्र एकच होता, दीड रुपयाचें आमिषहि एकच होतें. एका तीरावरचे लोक फुटले व दुसऱ्या तीरावरचे टिकले, एवढाच काय तो भेद.

कोणी म्हणेल कीं ही शेटजींच्या भाड्याची गोष्ट. तिचा आमच्या रत्नागिरी जिल्ह्याशीं काय संबंध? संबंध फार जवळचा आहे. मुंबईच्या गिरण्यांत रत्नागिरी जिल्ह्यांतील लोक हजारोंनीं राबत होते, आणि खेड, चिपळूण, दापोली, गुहागर येथील घरांच्या चुली त्यांच्या मनिऑर्डरींवर पेटत होत्या. जपानी गिरण्यांनीं हिंदी कापूस आपल्या बोटींतून नेला, त्याचें सूत व कापड केलें, आणि प्रथम चीनच्या व मग खुद्द हिंदुस्थानच्या बाजारांत मुंबईच्या मालास मागें टाकलें. १९३३ सालीं येथील सरकारनें ब्रिटिशेतर कापडावरील जकात भरमसाट वाढविली, तेव्हां जपानी गिरण्यांनीं हिंदी कापसावर बहिष्कार घातला. शेवटीं जपाननें किती कापूस घ्यावा व त्याच्या बदल्यांत किती कापड पाठवावें हें दोन्ही सरकारांस तह करून ठरवावें लागलें. आम्ही जपानास दोष देत नाहीं. त्यानें वाहतूक आपल्या हातीं ठेविली, विद्या आपल्या हातीं ठेविली आणि एकजूट ठेविली. आम्हीं कच्चा माल दिला आणि भाडें मोजलें. समुद्रावर पुन्हां पाऊल टाकण्यास आम्हांस पाव शतक लागलें: सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनीं सोबत्यांसह सिंदिया कंपनी काढली व ५ एप्रिल १९१९ रोजीं तिची लॉयल्टी ही बोट मुंबईहून लंडनास निघाली. तो दिवस आज राष्ट्रीय नौकानयन दिन म्हणून पाळतात, आणि जमशेटजींच्या त्या दोन बोटींची आठवणहि कोणास होत नाहीं.

हरलेल्या मनुष्याची परीक्षा पुढें तो काय करतो ह्यावरून होते. जमशेटजींनीं जपानशीं वैर धरलें नाहीं. उलट तेथील रेशमाची विद्या आपल्याकडे यावी म्हणून त्यांनीं बंगळूर येथें रेशमाचें शेत काढलें आणि तें चालविण्यास जपानी जाणकार आणविले. माल परका आणण्यापेक्षां विद्या परकी आणावी व ती येथें रुजवावी, हें त्यांचें धोरण झालें. हिंदी तरुणांस परदेशीं उच्च शिक्षणास जातां यावें म्हणून १८९२ सालींच त्यांनीं निधि स्थापिला होता. आणि तोहि भिक्षा म्हणून नव्हे, तर शिकून परत फेडावयाचें कर्ज म्हणून. १८९८ सालीं विज्ञानसंस्थेसाठीं त्यांनीं सुमारें तीस लाखांची मिळकत देऊं केली. १९०२ सालीं साठी उलटून गेलेली, प्रकृति ढासळलेली, अशा स्थितींत ते अमेरिकेस गेले, पिट्सबर्गचे पोलादाचे कारखाने त्यांनीं पाहिले, आणि चार्ल्स पेज पेरिन ह्या अनुभवी एंजिनियरास हिंदुस्थानांत येण्यास राजी केलें. १९ मे १९०४ रोजीं जर्मनींत बाड नौहाइम येथें त्यांचा देहांत झाला. विज्ञानसंस्था व पोलाद ह्यांपैकीं कांहींच त्यांच्या डोळ्यांदेखत पुरें झालें नाहीं.

त्यांच्या मागें मुलगा दोराबजी पोलादासाठीं भांडवल गोळा करण्यास लंडनास गेला. तेथील सावकारांच्या अटी पटेनात, व मन वळेना. तेव्हां १९०७ सालीं हिंदी लोकांसच हांक दिली. तीन आठवड्यांत सुमारें आठ हजार लोकांनीं सोळा लक्ष तीस हजार पौंडांचे भाग घेतले, आणि पुढें खेळत्या भांडवलाची गरज पडली ती ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांनीं भागविली. १९१२ सालीं साकची येथें पोलाद निघालें. बुद्धि अमेरिकेची विकत घेतली, परंतु मालकी व हिशेब घरचा राहिला. १८९३ सालीं दीड रुपयासाठीं फुटलेली मुंबई चौदा वर्षांनीं अशी एकत्र आली, हेंच आमच्या मतें त्या पराभवाचें फळ.

तथापि हेंहि सांगितलें पाहिजे कीं घराण्याचा मूळ पुरुष थोर असला म्हणजे पुढील प्रत्येक कृत्य निर्दोष ठरत नाहीं. जमशेटजींच्याच कल्पनेंतून निघालेल्या जलविद्युत् योजनांपैकीं एकीसाठीं मुळशी खोऱ्यांत धरण बांधतांना मावळ्यांच्या जमिनी त्यांची संमति न घेतां घेण्यांत आल्या, आणि १९२१ सालीं पांडुरंग महादेव बापट प्रभृतींस तेथें सत्याग्रह करावा लागला. मुंबईस वीज स्वस्त मिळाली. तिची उरलेली किंमत मुळशीच्या शेतकऱ्यांनीं भरली. अफूच्या नफ्याचा जो हिशेब, तोच हा. स्वस्त वस्तूची किंमत नाहींशी होत नाहीं. ती दुसऱ्या कोणाच्या तरी खात्यावर चढते, एवढेंच.

आतां लोट्याकडे वळूं. येथील सांडपाण्यामुळें दाभोळच्या खाडींतील मासळी गेली अशी भोई व कोळी बंधूंची तक्रार आजची नाहीं, आणि माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील पश्चिम घाट समितीनें आपल्या २०११ च्या अहवालांत लोट्याच्या प्रदूषणाची दखल घेतली आहे. त्याच खाडीच्या मुखाशीं अमेरिकन एन्रॉन कंपनीची वीज १९९९ सालीं आली. तिच्या करारांतील दर आपणांस पेलणार काय ह्याचा हिशेब जनतेपुढें वेळीं मांडला गेला नाहीं, आणि २००१ सालीं तो प्रकल्प बंद पडला. त्रिस्सिनोच्या लोकांनींहि आपला कारखाना कित्येक वर्षें रोजगार देणारा म्हणूनच पाहिला असेल. पाण्यांत काय मिसळत आहे हें त्यांस फार उशिरां कळलें, कारण तोंपर्यंत तें मोजून त्यांच्यापुढें कोणीं ठेविलेंच नव्हतें. यंत्रें लिलांवांत कमी किंमतींत मिळतात तेव्हां घेणाऱ्याचा फायदा स्पष्ट असतो. परंतु कुर्ल्याची गिरणी घेतल्यावर उरलेली किंमत निदान जमशेटजींनीं स्वतःच्या खिशांतून भरली. लोट्याची उरलेली किंमत, कांहीं असलीच तर, कोणाच्या विहिरींतून आणि कोणाच्या खाडींतून भरली जाणार, हें विचारण्याचा हक्क गांवास आहे.

म्हणून आमची मागणी माफक आहे. परदेशी यंत्र वा भांडवल येऊं नये असें आम्ही म्हणत नाहीं. तें हिशेब उघडा ठेवून यावें असें म्हणतों. वसाहतीच्या भोंवतालच्या विहिरी, ओढे व खाडी ह्यांतील पाणी कारखानदारांशीं व सरकारी खात्यांशीं संबंध नसलेल्या तज्ज्ञांकडून ठराविक मुदतीनें तपासलें जावें. ज्या रसायनांमुळें त्रिस्सिनोचें पाणी बिघडलें त्यांची तपासणी त्यांत नांव घेऊन व्हावी. आणि आलेले आंकडे मराठींत ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागावे. आंकडे चांगले आले तर कंपनीचीच पत वाढेल. लंडनच्या धनकोंपुढें हिशेब उघडा करणाऱ्या तरुणाची पत वाढली ती अशीच. दुसरें, आमच्या मुलांनीं फाटकावरची पहारेकरी आणि मालमोटारीवरची हमाली एवढ्यावरच संतुष्ट राहूं नये. रसायनशास्त्र शिकून पाणी तपासणारे, यंत्र चालविणारे, आणि पुढेंमागें स्वतःचे लहान कारखाने काढणारे लोक ह्याच तालुक्यांतून निघाले पाहिजेत. विद्या घरीं आली नाहीं तर दूरदेशाशीं जडलेलें नातें मालकाचें आणि भाडेकऱ्याचेंच राहतें.

शेवटचे शब्द आमच्या व्यापारी बंधूंसाठीं. खेड-चिपळुणाच्या पेठेंतील पुष्कळांचा ह्या वसाहतीशीं देवघेवीचा संबंध आहे. कोणी सामान पुरवितो, कोणी गाड्या लावतो, कोणी खोल्या भाड्यानें देतो. पाण्याविषयीं तोंड उघडलें तर आपली मागणी शेजाऱ्याकडे जाईल ही भीति त्यांस वाटते, आणि ती खोटी नाहीं. परंतु तीच भीति १८९३ सालीं मुंबईच्या व्यापाऱ्यांस दीड रुपयाच्या भाड्याकडे घेऊन गेली. एकट्यानें बोलणाऱ्याचा धंदा बुडवितां येतो. सारी पेठ एका सुरानें हिशेब मागूं लागली तर कोणाकोणाचा बुडविणार? कोबेच्या तीरावरील लोकांनीं थोडा तोटा सोसला आणि समुद्र मिळविला. आमच्या पेठेस समुद्र मिळवावयाचा नाहीं. आहे ती खाडी राखावयाची आहे. तेवढ्यासाठीं आपण एकत्र उभे राहूं शकतों कीं नाहीं, ह्याचा निर्णय आमच्या वाचकांनीं दुसऱ्या कोणावर न सोंपवितां स्वतःच करावयाचा आहे.